खिडकी नसलेली खोली

लांजेवारांच्या प्रणयनं लॅपटॉप आमच्याकडे वळवला.
बाहेर शेहेचाळीस पॉइंट दोन,
लक्ष्मीनगरचं डांबर चपला धरून ठेवत होतं
आणि पडद्यावर निळा बर्फ
समुद्रात कोसळत होता, आवाज बंद करून.

"काका, तुमच्या पैशात दोनच बसतात.
सात रात्री, नुसतं जहाज, पण बाल्कनी.
नाहीतर बारा रात्री. केबिन आतली, खिडकी नाही,
मग पाच दिवस जमिनीवर,
जंगल, बस, गाइड, डोंगरातली रेल्वे."
त्याचं बोट नकाशावर पार वर गेलं,
जिथं शाळेतल्या नकाशाला खिळा असायचा.

झिरो माइलच्या खांबापासून
समुद्र कुठल्याही बाजूनं लांबच.
सिंधूच्या नावात आहे तेवढा.
खरा तिनं एकदाच पाहिला, पुरीला,
चपला हातात घेऊन म्हणाली होती,
आला तं बसत काहून नाही हा?

मला वाटलं, ती बाल्कनीच घेईल.
तिचा बाप इतवारीच्या बर्फाच्या कारखान्यात.
लाकडाच्या भुशातल्या लाद्या,
त्यांचा तुकडा फ्रॉकला पुसून चोखायचा,
जिभेवर करवतीची चव.
बर्फ म्हणजे तिच्या लेखी
पाघळायच्या आत पोचवायची वस्तू.
एवढा बर्फ, आणि कुठंच पोचवायचा नाही,
हे तिला बसून पाहायला आवडलं असतं.

मी ब्रेकव्हॅनमधला माणूस.
एकतीस वर्षं छोटी लाईन,
सावनेर, लोधीखेडा, सौसर, रामाकोना.
गाडी जे मागं टाकते तेवढंच पाहिलं.
"तिथली रेल्वे पण नॅरो गेज आहे काका, तीन फुटी."
"आमची अडीच," मी म्हणालो.
तो हसला. त्याला वाटलं मी भाव करतोय.
फोटोत मी शेवटचा डबा शोधला.
कठड्याला टेकून कुणीतरी उभं होतं,
हातात झेंडी नव्हती, कॅमेरा होता.

सिंधू मधेच म्हणाली, "भलावी आठवते?"
पेंचला, गेल्या हिवाळ्यात,
तासभर नुसते साग मोजले आम्ही.
मग गाइडनं जिप्सी बंद करायला लावली,
म्हणाला, ऐका.
अस्वलानं मधासाठी सोललेली साल दाखवली,
चितळाची एक हाक, मग तिच्यानंतरची शांतता.
वाघ दिसला नाही.
पण परतताना प्रत्येक झाडामागे तो होता.
"तसा कोणी असंल का तिकडं?" तिनं प्रणयला विचारलं.
"असतात काकू. तिथलेच लोक असतात."

"आणि खिडकी?" मी म्हणालो. "सात रात्री डब्बा बंद."
"काहून? मार्च ते जून काय करतो आपण?
वाळ्याच्या ताट्या, जाड पडदे,
भर दुपारी दोनला ट्यूबलाइट.
नागपूरच्या माणसाले खिडकी कशाले लागते?
पाहायचं तं उतरून पाहावं."

प्रणय पुढं पुढं जात राहिला,
थर्मल, विमा, शाकाहारी जेवण, गुडघ्यांचं काय.
तिचा एकच प्रश्न होता.
त्या बर्फाला हात लावू देतात का?
त्यानं वरपासून खालपर्यंत पान शोधलं.
तेवढंच लिहिलेलं नव्हतं.

मी सही केली. जुन्या सवयीनं
खाली वेळही टाकली, चौदा चाळीस.

खाली स्कूटरच्या सीटवर
तिनं बाटलीतलं पाणी ओतलं, तळहातानं पसरलं.
आम्ही बसायच्या आत ते वाळलं.

रात्री कूलरच्या घरघरीत म्हणाली,
"जूनमध्ये तिकडं अंधारच पडत नाही म्हणते तो पोरगा."
थोड्या वेळानं,
मला वाटलं झोपली,
"बरं झालं, खिडकी नाही."